हेकरू, वाघाटी आणि आकडा

प्रवाळातला हेकरू आणि उसातली वाघाटी यांना एका वाक्यात आणणं ओढूनताणून केल्यासारखं वाटेल. एक मासा, दुसरं मांजर. एकाचा अभ्यास करायला पाठीला हवेची टाकी बांधून पाण्यात उतरावं लागतं, दुसरीसाठी बांधांवर आणि रानवाटांवर कॅमेरे लावून परत यावं लागतं. पण अशा कामात काही वर्षं गेली की दोन्हीकडची अडचण एकच असल्याचं ध्यानात येतं. दोघंही मधल्या फळीतले शिकारी. शार्कचा किंवा वाघाचा दरारा त्यांच्या वाट्याला आलेला नाही. दोघंही एकेकटे राहणारे, दबा धरणारे, ठिपक्यांच्या-पट्ट्यांच्या कातडीमुळे समोर असूनही नजरेतून सुटणारे. आणि दोघांबद्दल वनखातं, मत्स्यखातं, पैसे देणाऱ्या संस्था आणि वार्ताहर एकच प्रश्न विचारतात: किती आहेत? प्रश्न रास्त आहे. पण प्राणी काय करतो आहे हे ठाऊक नसताना काढलेला आकडा अपुरा ठरून थांबत नाही, तो सरळ उलट्या दिशेला नेतो, असं माझं मत या कामातून बनलं आहे. हेकरू संपत आलेला असताना मुबलक दिसतो, आणि वाघाटी बऱ्यापैकी टिकून असताना नामशेष होत चालल्यासारखी भासते.

आधी हेकरूचं बघू. कोकणात ज्यांना हेकरू किंवा गोबरा म्हणतात ते मासे एका मोठ्या कुळातले. जगभरात त्यांच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. 2013 मध्ये इव्हॉन सॅडोव्ही आणि सहकाऱ्यांनी 163 जातींचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात 20 जाती नष्ट होण्याच्या वाटेवर असल्याचं म्हटलं होतं. सावकाश वयात येणारा, बऱ्याच जातींत दीर्घायुषी, पुष्कळदा आधी मादी आणि मोठा झाल्यावर नर होणारा हा मासा वर्षभर आपापल्या कपारीपाशी एकटा असतो. मात्र अनेक जातींत वर्षातले मोजके दिवस, पौर्णिमा किंवा अमावास्या धरून, आसपासच्या साऱ्या प्रवाळखडकांवरचे मासे एका ठरावीक कोपऱ्यावर अंडी घालायला जमतात. जागा तीच, तिथी तीच. कोळ्यांना ती कळायला वेळ लागत नाही. गळ टाकला की मासा, एका फेरीत होडी भरते. पुढच्या वर्षीही भरते, त्याच्या पुढच्या वर्षीही. होडीमागे किती मासळी आली हे मोजून साठ्याचा अंदाज बांधणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून महाराष्ट्रातल्या खेड्यांची लोकसंख्या ठरवण्यासारखं आहे हे: गावं ओस पडत गेली तरी वाळवंट बराच काळ फुललेलंच दिसणार. आजूबाजूचा साठा आटत जातो, पण जमणारे मासे त्याच कोपऱ्यावर तितकेच खेटून उभे राहतात. मग एका वर्षी कुणीच येत नाही.

हा नुसता तर्क नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात हौशी गळकऱ्यांच्या आवडत्या दोन सागरी बास जातींबाबत 2011 मध्ये ब्रॅड एरिसमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की साठा कोसळत असताना पकडीचे आकडे तो झाकून ठेवत होते, कारण मासेमारी विणीच्या जमावांवरच चालली होती. कॅरिबियनमधल्या केमन बेटांची गोष्ट याहून बोलकी आहे. लिटल केमनच्या पश्चिम टोकाला 2001 मध्ये नसाऊ हेकरूंचा सुमारे 7000 माशांचा जमाव सापडला आणि दोन हंगामांत त्यातले जवळपास 4000 मारले गेले. दोन्ही हंगामांत मासेमारी करणाऱ्याची तक्रार असण्याचं कारणच नव्हतं. 2003 मध्ये तिथं बंदी आली. नंतर संशोधकांनी दर हिवाळी पौर्णिमेला काही माशांना खुणेच्या पट्ट्या लावल्या, पाण्याखालच्या चित्रणात पट्टीवाले किती आणि बिनपट्टीचे किती हे मोजलं, आणि त्या प्रमाणावरून एकूण संख्या काढली. ही पद्धत चालली, कारण मासे कधी येतात, किती दिवस थांबतात, हे आधी ठाऊक झालेलं होतं. जमाव पांगल्यावर तीच पट्टी निरुपयोगी. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथली संख्या तिपटीहून अधिक झाली. बंदी घातल्याबरोबर मात्र ती उसळली नव्हती. वाढ नजरेत भरायला कित्येक वर्षं जावी लागली, कारण या माशाला वयात यायलाच चार ते सात वर्षं लागतात. तीन वर्षांच्या अनुदानावर चालणारा एखादा प्रकल्प मध्येच हा आकडा पाहून बंदी फसली असं लिहून मोकळा झाला असता.

एकूण संख्या बरोबर निघाली तरी भागत नाही. मेक्सिकोच्या आखातात गॅग नावाचा हेकरू आहे. 1970च्या दशकात त्याच्या साठ्यात नरांचं प्रमाण सुमारे 17 टक्के होतं, 1990च्या दशकात ते 2 टक्क्यांच्या आसपास आलं. मोठे मासे म्हणजे नर, गळाला आधी लागतात तेही मोठेच. दर शंभरात दोन नर उरलेल्या साठ्याला ‘अमुक टन’ म्हणून सांगणं बेरजेच्या दृष्टीने अचूक असेल, पण पुढच्या पिढीबद्दल ते काही सांगत नाही. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते, आणि वीण वाचवायची तर ती आहेच की, असं हमखास ऐकू येतं. खवळलेल्या समुद्राच्या दिवसांत ती बंदी योग्यच आहे, तिने पुष्कळ माशांना उसंतही मिळते. पण सगळ्या समुद्राला एक पंचांग लावलं की ज्याची तिथी त्यात बसत नाही तो मासा उघडा पडतो. बाजारात गाबोळी असलेल्या माशाला मान असतो तो वेगळाच.

लक्षद्वीपमधल्या बित्रा या टीचभर बेटालगतच्या प्रवाळावर रुचा करकरे, रोहन आर्थर आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम मला या संदर्भात महत्त्वाचं वाटतं. बित्रावर 2011च्या जनगणनेत 271 माणसं राहत होती. बेटांची पारंपरिक मासेमारी खोल पाण्यातल्या कुप्याची असल्यामुळे प्रवाळातले मासे बराच काळ निर्धास्त होते. तिथं अमावास्येच्या सुमारास चौकोनी शेपटीचे हेकरू जमतात. नराने तळाशी छोटा इलाखा राखायचा आणि येणाऱ्या मादीची मनधरणी करायची ही या जातीची माहीत असलेली रीत. बित्राच्या दाट गर्दीत मात्र दुसरीही रीत दिसली: एकच मोठा नर मधल्या पाण्यात लहान माद्यांच्या घोळक्यासोबत फिरतो आणि तिथेच प्रणय चालतो. ही रीत गर्दी दाट असली तरच संभवते, असं अभ्यासकांचं म्हणणं. म्हणजे मासेमारी सुरू झाली तर निम्मे मासे उरण्याआधीच जातीच्या वागण्यातला एक अख्खा प्रकार गळून पडू शकतो, आणि मोजणीच्या तक्त्यात त्याला जागाच नसते. बित्रावरच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. एरवी माणसाची सावली पडताच कपारीत शिरणारा हा मासा विणीच्या दिवसांत पाणबुड्याला अगदी जवळ येऊ देतो. मासा सोपा झाला की पकड वाढते, आणि वाढलेली पकड म्हणजे वाढलेला मासा असा अर्थ लावायला सगळेच तयार असतात.

पाण्याखालची मोजणी प्रत्यक्षात कशी होते, हे ठाऊक असलं तर आकड्यांबद्दलची भाबडी श्रद्धा आपोआप कमी होते. पन्नास मीटरची फीत तळावर अंथरायची, तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीपर्यंत दिसतील ते मासे प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचे, प्रत्येकाची लांबी नजरेने ठरवायची. पाण्यात मुखवट्याच्या काचेतून वस्तू जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, म्हणून आधी ठाऊक लांबीच्या नळ्या बुडवून डोळ्याला वळण लावावं लागतं. हे सगळं नीट केलं तरी फीत पुढे सरकते आणि हेकरू कपारीतच राहतो. तांबड्या समुद्रात रेदुआन बशारी आणि सहकाऱ्यांनी फितीचा नाद सोडून तासन्‌तास एकेका हेकरूच्या मागे पोहायचं ठरवलं, तेव्हा 2006 साली जगाला कळलं, की हा मासा राक्षसी मोरे ईलच्या बिळाशी जाऊन डोकं हलवून तिला शिकारीला बोलावतो. ईल फटीत घुसते, हेकरू बाहेर उभा राहतो, सावज कुठूनही पळालं तरी दोघांपैकी एकाच्या तोंडी. पुढे 2013 मध्ये असंही नोंदवलं गेलं, की भक्ष्य फटीत लपलं तर हेकरू त्या जागेवर डोकं खाली करून उभा राहतो आणि अंग हलवून जागा दाखवतो. फितीवर मोजले असते तर हे दोन स्वतंत्र रकाने झाले असते: हेकरू एक, मोरे एक.

लक्षद्वीपच्याच मोर-हेकरूचं उदाहरण मुद्दा अधिक टोकदार करतं. 1998, 2010 आणि 2016 च्या उष्ण पाण्याने तिथले प्रवाळ पांढरे पडले, मेले, आणि काही ठिकाणी त्यांचा सांगाडाही ढासळून सपाट झाला. जिथं आडोसा शिल्लक होता तिथं हा मासा दबा धरून बसत होता. जिथं सपाटी झाली तिथं त्याने मोठा इलाखा घेऊन हिंडत शिकार करायला सुरुवात केली. मासा होता, जगत होता, मोजणीत येत होता. पण पोट भरण्यासाठी त्याला किती जास्त पाणी तुडवावं लागतं आहे, हे त्याच्या मागे जाणाऱ्यालाच दिसलं. त्याची संख्या खाली येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर आपण सगळ्यात उशिरा येणारी खूण धरून बसलो, असं होईल.

वाघाटीकडे आलं की आरसा उलटा होतो. इंग्रजीत जिला रस्टी-स्पॉटेड कॅट म्हणतात ती ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. मोठी झाली तरी वजन साधारण दीड किलो, म्हणजे घरच्या मांजरापेक्षा लहानखुरी. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत ती आढळते. कित्येक दशकं ती दुर्मिळ, जंगलातली, क्वचितच दिसणारी म्हणून पुस्तकांत राहिली. गंमत अशी, की टी. सी. जर्डन याने 1867 च्या आपल्या ग्रंथात ती कोरड्या तळ्यांच्या गवतात, झुडपांत, गावालगत राहते, दाट जंगलात नव्हे, असं नोंदवून ठेवलं होतं. नंतरच्या काळात वन्यजीव-संशोधन अभयारण्यांच्या हद्दीत स्थिरावलं आणि ही नोंद अडगळीत गेली. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांवर केलेल्या कामातून ती वेगळ्या वाटेने परत आली. चौरस किलोमीटरमागे तीनशेहून अधिक माणसं, ऊस आणि इतर पिकं, मोठे रानटी तृणभक्षी जवळपास नाहीत, अशा मुलखात 100 चौरस किलोमीटरमागे 4.8 प्रौढ बिबटे निघाले, आणि त्याच शेतांमध्ये वाघाटीही होती. ती वाटते त्यापेक्षा अधिक सर्रास तर नाही ना, असा प्रश्न त्यांनी 2010 मध्ये एका टिपणातून विचारला. आंतरराष्ट्रीय यादीत ती पूर्वी असुरक्षित वर्गात होती, 2016 मध्ये एक पायरी खालच्या धोक्याच्या वर्गात आली. मधल्या काळात मांजरं वाढली असं समजायचं कारण नाही. नोंदी वाढल्या होत्या.

यंत्रांचाही यात वाटा आहे. 2018 च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि जवळपास तीन कोटी अठ्ठेचाळीस लाख छायाचित्रं मिळाली. त्यात वाघांची 76,651 आणि बिबट्यांची 51,777. हा पसारा थक्क करणारा आहे. पण वाघासाठी कॅमेरा वाघाच्या वाटेवर, वाघाच्या उंचीच्या हिशेबाने बांधतात. तो उष्ण शरीराच्या हालचालीने चालू होतो. दीड किलोचं, झाडावर सहज चढणारं, वाटेऐवजी झुडपांच्या कडेने जाणारं मांजर उन्हाळ्यातल्या तापलेल्या रात्री त्याच्यासमोरून गेलं तरी तो जागा होईलच असं नाही. तरीही अशा व्याघ्रगणनांच्या छायाचित्रांतून लहान मार्जारांचा देशव्यापी अहवाल 2025 मध्ये निघाला, हे चांगलंच झालं. फक्त त्या नकाशात वाघाटी जिथं रिकामी दिसते तिथं तो व्याघ्रप्रकल्पाचा नकाशा आहे, हे विसरता कामा नये.

यावर पहिला आक्षेप असा येतो: कमी समजून जास्त जपलं तर बिघडलं काय? सावधपणा बरा. मला हे पटत नाही, कारण जपणूक हवेत होत नाही, जागेवर होते. वाघाटी जंगलाची ठरली की पैसा आणि पहारा जंगलाच्या हद्दीला जातो. उसाच्या पट्ट्यातली भटकी कुत्री, उघड्या विहिरी, रात्रीचे रस्ते आणि घरच्या मांजरांकडून येणारे रोग कुणाच्याच यादीत येत नाहीत. आणि हेकरूच्या बाजूला सावधपणाचा प्रश्नच निघत नाही, कारण तिथं आकडा धोक्याचा दिसतच नाही. चूक एकाच जातीची असली तरी एकीकडे भलत्या जागी माया आणि दुसरीकडे बेफिकिरी, असे तिचे दोन परिणाम होतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो रॉबर्ट जोहानिस यांच्यासारख्या माणसाकडून आलेला आहे. पलाउमधल्या कोळ्यांकडून त्यांनी माशांच्या विणीच्या तिथी शिकून घेतल्या, 1981 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि 1998 मध्ये मांडलं, की उष्ण कटिबंधातल्या हजारो खडकांवर संशोधक पोचायची वाट पाहू नये, आकडेवारीविनाच राखण सुरू करावी. मला हे मान्य आहे. पण जोहानिस यांनी आकडे सोडले तरी वागणूक सोडली नव्हती. त्यांचं सगळं म्हणणंच कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या वागणुकीवर उभं होतं. माझा वाद मोजणीशी नाही, क्रमाशी आहे: आधी कुणीतरी पाहिलेलं असावं, मग मोजावं, आणि ते कुणीतरी पदवीधरच असलं पाहिजे असं मुळीच नाही. यातही एक पेच उरतोच. जमावाची जागा छापली की ती गळकऱ्यांनाही कळते. म्हणून पुष्कळ संशोधक नेमका ठिकाणा लिहीत नाहीत, आणि मग त्यांचं काम दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही. या दोन्हींत मला माशाची बाजू घ्यावीशी वाटते, विज्ञानाच्या शिस्तीला ती थोडी महाग पडली तरी.

तिसरा आक्षेप हल्ली रोज ऐकू येतो: कृत्रिम बुद्धिमत्ता छायाचित्रं ओळखेल, पाण्यातला डीएनए सांगेल कोण आहे, पाणमाइक आवाज ऐकतील, मग मागे मागे पोहत कशाला बसायचं? यातलं बरंचसं उपयोगीच आहे. कॅरिबियनमध्ये हेकरूंच्या विणीच्या वेळच्या घुमण्यावरून जात ओळखणारी संगणकीय प्रणाली तयार झाली आहे, आणि माणूस जिथं रात्रभर राहू शकत नाही तिथं ती ऐकत बसते. पण ती शिकली कशी? कुठला आवाज कुठल्या माशाचा, आणि तो प्रणयाचा की हुसकावण्याचा, हे आधी कुणीतरी मासा डोळ्यासमोर असताना जुळवलं होतं. डीएनएचा नमुना हेकरू होता हे सांगेल. शंभरात दोनच नर होते, हे त्यातून कळणार नाही. शोमिता मुखर्जी यांनी विष्ठेच्या नमुन्यांतून रानमांजर आणि बिबट्या-मांजर यांची तुलना केली, तेव्हा बिबट्या-मांजराच्या उत्तरेकडच्या आणि सह्याद्रीतल्या समूहांत मोठा खंड निघाला. तो कशामुळे, याचं उत्तर प्रयोगशाळेत नव्हतं. त्या मांजराला मध्य भारताचं ऊन आणि कोरडेपणा मानवतो का, या रानातल्या प्रश्नाकडेच परत यावं लागलं.

एका बेटावरचं निरीक्षण सगळीकडे लागू कसं करणार, असंही विचारतात. करू नये. बित्राची दुहेरी रीत दुसऱ्या खडकावर असेलच असं कुणी म्हटलेलं नाही. आंग्रिया बँकेसारख्या, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर बुडालेल्या पठारावर हेकरू जमतात की नाही, जमत असले तर कुठल्या तिथीला, हे बित्रावरून ठरवता येणार नाही. तिथं जाऊन, आणि त्या बाजूला जाळी टाकणाऱ्यांना विचारून, पाहावं लागेल. सोबत न्यायचा तो प्रश्न, उत्तर नव्हे.

वाघाटीच्या बाबतीत असं पाहणारे लोक आधीपासून आहेत, पण त्यांची गणना संशोधकांत होत नाही. जुन्नर, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की पाचटाखाली मांजराची पिल्लं सापडतात. बिबट्याची समजून आधी पळापळ होते, मग वनखात्याला कळवलं जातं, आणि जाणते लोक पिल्लं उचलून न नेता टोपलीत त्याच जागी ठेवून संध्याकाळी लांब थांबतात. आई येते आणि एकेक घेऊन जाते. अशा प्रत्येक घटनेत वीण कधी झाली, किती पिल्लं होती, कुठल्या पिकात, पाण्यापासून किती दूर, हे सगळं आहे. खात्याच्या नोंदवह्यांत ते बचावकार्य म्हणून पडून असतं. वाघाटी विते कधी आणि कुठे हे सांगणारी इतकी विस्तृत माहिती मला दुसरीकडे कुठे दिसत नाही. ती आताच वाचून काढायला हवी, कारण ऊसतोडणीची यंत्रं वाढत चालली आहेत. कोयता घेऊन वाकलेल्या माणसाला पिल्लू दिसतं, यंत्रावर उंच बसलेल्याला ते दिसण्याची शक्यता फारशी नाही. पुढच्या काही वर्षांत पिल्लं सापडल्याच्या नोंदी घटतील, आणि मग वाघाटीची वीण मंदावली असं एखाद्या अहवालात छापून येईल.